वणव्याची खबर गावाला आधी लागली पाहिजे: विदर्भातल्या जंगलालगतच्या गावांसाठी पूर्वसूचना यंत्रणा कशी उभारायची

वणवा लागतो तेव्हा तो हातभर असतो. पाचोळ्याच्या त्या हातभर आगीवर दोन माणसं हिरव्या फांद्यांचे झोडपे घेऊन तुटून पडली तर दहा मिनिटांत काम संपतं. तीच आग दोन तासांनी कळली तर वनविभागाचे मजूर, ब्लोअर आणि अख्खं गाव लागलं तरी ती रात्रभर पुरते. म्हणून वणव्याच्या बाबतीत सगळा खेळ पहिल्या तासाचा आहे आणि त्या तासात तिथे पोहोचू शकणारं कोणी असेल तर ते जवळचं गाव. उपग्रह आहेत, मोबाईलवर येणारे मेसेज आहेत, आता कॅमेरेही आले. ते वापरायलाच हवेत आणि कसे वापरायचे ते पुढे सविस्तर लिहिलं आहे. पण ज्या गावाने स्वतःची नजर आणि निरोपाची साखळी बांधलेली नाही, त्या गावाला उपग्रहाचा मेसेज राखेचा पत्ता सांगतो.

हा लेख ग्रामसभा, संयुक्त वन व्यवस्थापन समित्या, सामूहिक वनहक्क मिळालेली गावं, प्राथमिक प्रतिसाद दलातली पोरं आणि वनरक्षक यांच्यासाठी आहे. जंगल झाडीपट्टीतलं असो, मेळघाटातलं असो की यवतमाळकडचं झुडपी असो, पद्धत तीच. तपशील आपापल्या गावाप्रमाणे बदलून घ्या.

आग कधी आणि कुठून येते

महाराष्ट्राचा वनविभाग १५ फेब्रुवारी ते १५ जून हा वणव्याचा हंगाम धरतो. आपल्याकडचं जंगल पानगळीचं. साग, तेंदू, ऐन, धावडा, मोह यांची पानं होळीच्या आगेमागे जमिनीवर येतात आणि बहुतेक वणवे या पाचोळ्यावरूनच सरकतात. शेंडे पेटवत जाणाऱ्या आगी आपल्याकडे क्वचित. जिथे रायमुनिया (घाणेरी) माजलेली आहे किंवा फुलोरा येऊन वाळलेला बांबू उभा आहे, तिथे मात्र जमिनीवरची आग वर चढते. अशा जागा आधीच माहीत असाव्यात.

आपोआप पेटणारं जंगल इथे जवळजवळ नाही. आग माणसाच्या हातून लागते आणि ती कामाच्या दिनक्रमाने येते. त्यामुळे गावाचं कॅलेंडर मांडलं की आगीचंही निम्मं कॅलेंडर हाती येतं.

फेब्रुवारी-मार्चमध्ये वावरं रिकामी होतात. धुरे (शेताचे बांध) जाळले जातात, पऱ्हाटी (कापसाची वाळली झाडं) आणि तुराट्यांचे ढीग पेटवले जातात. ई-वर्ग (गावाच्या सामाईक चराईच्या) कुरणात नवं गवत यावं म्हणून काडी लावली जाते. मार्चच्या मध्यापासून मोहफुलं पडू लागतात. फुलं नीट दिसावीत म्हणून झाडाखालचा पाला जाळतात. मग एप्रिलच्या तोंडाशी तेंदूची पाळी. झुडपाला कोवळा फुटवा यावा म्हणून जंगलाला आग लावण्याची जुनी सवय अजून गेलेली नाही. यांत भर म्हणजे वाटसरूची बिडी, शिकारीसाठी लावलेली आग आणि वाऱ्याने एकमेकींना घासणाऱ्या लोंबत्या वीजतारा.

मोहाच्या आगीचा एक विशेष ध्यानात ठेवण्यासारखा आहे. पाला जाळतात पहाटे, वारा नसताना. फुलं वेचून माणसं आठ-नऊच्या सुमारास घरी परततात, तेव्हा आग विझल्यासारखी दिसते. पण बुंध्याशी नाहीतर एखाद्या पोकळ ओंडक्यात ती धुमसत राहते आणि अकरा-बारानंतर वारा सुटला की बाहेर पडते. म्हणून मोहाच्या दिवसांत पहिली फेरी सकाळी दहाच्या आत, खास मोहाच्या झाडांखालून व्हायला हवी. दुपारच्या पहाऱ्यापेक्षा ही एक फेरी जास्त जंगल वाचवते, असं माझं ठाम मत आहे.

पहिलं काम: नावांची वही

जानेवारीत, हंगामाच्या आधी, एक दिवस बसून हे करा. वनरक्षकाकडून त्याच्या बिटाचा, म्हणजे त्याच्याकडे सोपवलेल्या जंगलाचा, नकाशा मागून घ्या. त्यावर कक्ष क्रमांक, म्हणजे जंगलाच्या पाडलेल्या तुकड्यांचे नंबर, असतात. मग गावातले गुराखी, मोह-तेंदू गोळा करणाऱ्या बाया आणि जंगल पायाखाली घातलेली दोन-चार म्हातारी माणसं यांना सोबत बसवा. जंगलातल्या प्रत्येक ओळखीच्या जागेला गावाचं नाव असतं. कुठला नाला, कुठली बोडी (लहान तळं), कुठला पहाड, देवाचं ठाणं, जुनी तेंदू फळी (पानं गोळा करण्याची जागा), पांदण जिथे संपते ती जागा. ही नावं सरकारी नकाशावर नसतात आणि कक्ष क्रमांक गावाच्या तोंडी नसतो. खबर इथेच अडकते. गावकरी सांगतो "बोडीच्या वरच्या अंगाला", तिकडे वनविभाग विचारतो "कक्ष कोणता?", आणि एवढ्यातच अर्धा तास जातो.

यावर उपाय म्हणजे एक वही, प्रत्येक पानावर एक जागा. गावातलं नाव, कक्ष क्रमांक, गावापासून पायी किती वेळ, मोटारसायकल कुठपर्यंत जाते, जवळचं पाणी कुठे, आणि त्या जागेचे अक्षांश-रेखांश. शेवटच्या नोंदीसाठी दोन पोरांनी जीपीएस चालू असलेला फोन घेऊन त्या त्या जागी जाऊन उभं राहायचं. नकाशाच्या ॲपवर बोट दाबून धरलं की आकडे दिसतात. नेटवर्क नसलं तरी जीपीएस चालतं, फक्त त्या भागाचा नकाशा आधी फोनमध्ये उतरवून ठेवा.

आकडे लिहिताना एकच पद्धत ठरवा: दशांश. २०.५०० म्हणजे वीस अंश तीस मिनिटं. पण कोणी "वीस अंश तीस मिनिटं" ऐकून वहीत २०.३० लिहिलं, तर जागा बावीस किलोमीटर दक्षिणेला सरकली. ही गफलत फार सहज होते, म्हणून वहीच्या पहिल्याच पानावर ठळक लिहून ठेवा. आपल्या पट्ट्यात अक्षांशातला तिसरा दशांश एकाने बदलला की साधारण १११ मीटरचा फरक पडतो आणि रेखांशातला बदलला की १०४ मीटरचा. म्हणजे तीन दशांशांपर्यंतचा आकडा बरोबर असेल तर माणूस धुरापर्यंत नेमका पोहोचतो.

याच वहीत धोक्याच्या जागा लाल शाईने लिहा. मोठी मोहाची झाडं, रायमुनियाची गर्दी, जंगलाला लागून असलेली वावरं, लोंबत्या तारा. तारांची तक्रार महावितरणकडे फेब्रुवारीतच लेखी द्या, एप्रिलची वाट पाहू नका. वनविभागाच्या जाळरेषा (आग अडवायला साफ केलेले पट्टे) कुठून जातात आणि त्या खरोखर साफ झाल्या आहेत का, तेही पायी फिरून पाहा. कागदावरची जाळरेषा आग थांबवत नाही.

आजचा दिवस किती वाईट?

पूर्वसूचनेचा पहिला भाग आग लागण्याआधीचा. उद्या कुठला दिवस येणार आहे हे आज संध्याकाळी कळलं तर पहारा वाढवता येतो आणि धुरे जाळणाऱ्याला थांबवता येतं.

हवामान खात्याच्या 'मेघदूत' ॲपवर आपल्या जिल्ह्याचा पाच दिवसांचा अंदाज मराठीत मिळतो: तापमान, आर्द्रता, वाऱ्याचा वेग आणि दिशा, पाऊस. ते मुळात शेतकऱ्यांसाठी बनवलेलं आहे, पण आपल्याला लागणारं सगळं त्यात आहे. जगभर वापरला जाणारा एक ढोबळ ठोकताळा असा की तापमान ३० अंशांच्या वर, आर्द्रता ३० टक्क्यांच्या खाली आणि वारा ताशी ३० किलोमीटरच्या वर गेला की आग हाताबाहेर जाते. विदर्भात मार्चनंतर यातल्या पहिल्या दोन अटी बहुतेक दुपारी पूर्ण झालेल्याच असतात, त्यामुळे त्यावरून दिवसादिवसातला फरक कळत नाही. इथे खरी नजर हवी ती वाऱ्यावर. ४६ अंशांचा पण निवांत दिवस ४१ अंशांच्या सुसाट दिवसापेक्षा बरा. उष्णतेच्या लाटेचा इशारा माणसांसाठी असतो, तो आला नाही म्हणून जंगल सुरक्षित आहे असं समजू नका.

गावासाठी तीन रंग पुरेत. दुपारची आर्द्रता तीसच्या वर किंवा गेल्या दोन दिवसांत चांगला पाऊस पडलेला: हिरवा. आर्द्रता वीस ते तीस आणि वारा मंद: पिवळा. आर्द्रता वीसच्या खाली किंवा वारा ताशी वीसच्या वर किंवा शेजारच्या बिटात आग चालू: लाल. हे आकडे मी सुरुवातीसाठी सुचवतो. एक हंगाम वापरून वनरक्षकाबरोबर बसून आपल्या गावाला जुळतील तसे बदला. रंग ग्रामपंचायतीच्या फळ्यावर आणि गावाच्या व्हॉट्सॲप गटावर रोज संध्याकाळी सातला लिहायचा, आणि तो लिहिणारी व्यक्ती एकच ठरलेली हवी. लाल दिवशी काय करायचं ते ग्रामसभेत आधीच ठरलेलं असावं: जंगलालगत कोणी काडी लावायची नाही, पहाऱ्यावर दुप्पट माणसं, झोडपे आणि पाण्याचे कॅन तयार.

अंदाजाच्या जोडीला हातानेही पाहा. दुपारी दोनच्या सुमारास झाडाखालचं सागाचं पान उचलून मुठीत चुरा. वाकलं, चिवट लागलं तर ओल आहे. कडकड वाजून भुगा झाला तर पाचोळा पेटायला तयार आहे. अवकाळी पाऊस झाल्यावर आठवडाभर निर्धास्त राहण्याची चूक अनेक गावं करतात. पान आणि गवत काही तासांच्या उन्हात पुन्हा वाळतं. ओली राहतात ती फक्त जाड लाकडं.

भारतीय वन सर्वेक्षण ही देहरादूनची संस्था २०१६ पासून वणव्याच्या धोक्याची आगाऊ सूचना राज्यांच्या वनविभागांना देते. त्यात जंगलाचा प्रकार, हवामान आणि अलीकडच्या आगी यांचा हिशेब असतो. आपलं वनपरिक्षेत्र त्या यादीत आलं आहे का हे वनपाल किंवा वनपरिक्षेत्र अधिकाऱ्यांना विचारत जा. विचारणारं गाव असलं की ती यादी टेबलावर पडून राहत नाही.

नजर: दोन जागा आणि एक होकायंत्र

जंगल दिसेल अशा किमान दोन उंच जागा निवडा. वनविभागाचा निरीक्षण मनोरा असेल तर उत्तम, नाहीतर शाळेची गच्ची, पाण्याची टाकी, गावामागचा पहाड. दोन्ही जागांवरून एकच जंगल दिसायला हवं आणि दोहोंमध्ये दोन-चार किलोमीटर अंतर असावं. शेजारच्या गावाशी मिळून केलं तर हे सहज जमतं. मुख्य पहारा सकाळी अकरा ते संध्याकाळी सहा. लाल दिवशी रात्रीही एक नजर टाका, कारण अंधारात आगीची रेघ धुरापेक्षा स्पष्ट दिसते.

धूर दिसला की घाईने फोन लावण्याआधी दोन मिनिटं तो नीट पाहा. चुलीचा किंवा कचऱ्याच्या ढिगाचा धूर एका जागी बारीक उभा राहतो. धावत्या आगीचा धूर बुडाशी रुंद होत जातो. एखाद्या झाडाच्या बुंध्याच्या किंवा खांबाच्या रेषेत डोळा धरून धुराचं बूड पाहा. काही मिनिटांत ते रेषेच्या एका बाजूला सरकलं तर आग चालती आहे.

आता दिशा घ्या. प्रत्येक फोनमध्ये होकायंत्राचं ॲप असतं किंवा घेता येतं. फोन हवेत आठच्या आकड्यासारखा फिरवून घ्या आणि लोखंडापासून दूर उभे राहा. टाकीची शिडी, कठडा, मोटारसायकल यांच्याजवळ काटा फिरतो. फोनचं तोंड धुराच्या बुडाकडे करून अंश वाचा. चुंबकीय उत्तर आणि खरी उत्तर यांच्यात आपल्या भागात एक अंशाचाही फरक नाही, त्यामुळे आकडा आहे तसा वापरता येतो.

उदाहरणच घेऊ. शाळेच्या गच्चीवरचा पोरगा सांगतो ६० अंश. तिथून सरळ पूर्वेला चार किलोमीटरवर असलेल्या टाकीवरचा सांगतो ३३० अंश. नकाशावर दोन्ही जागांवरून कोनमापकाने त्या त्या दिशेला रेघ ओढा. रेघा जिथे छेदतात ती जागा शाळेपासून सुमारे साडेतीन आणि टाकीपासून दोन किलोमीटरवर येते. म्हणजे टाकीकडची माणसं आधी निघाली पाहिजेत. वहीत पाहून त्या जागेचं गावचं नाव आणि कक्ष क्रमांक काढा. वाचनात पाच अंशांची चूक झाली तर पाच किलोमीटरवर सव्वाचारशे-साडेचारशे मीटरचा फरक पडतो, म्हणून आकडा दोनदा घ्या. मनोऱ्यावर किंवा गच्चीवर जमिनीलाच चुन्याने उत्तर दिशा आणि ओळखीच्या पहाडांचे अंश लिहून ठेवले तर नवख्या माणसालाही हे जमतं. हे सगळं फुकटात होतं आणि नेटवर्क गेलं तरी चालतं, म्हणून माझा सर्वांत जास्त भर याच पायरीवर आहे.

उपग्रह: मेसेज कसा घ्यायचा, कसा वाचायचा

भारतीय वन सर्वेक्षणाच्या 'वन अग्नी' पोर्टलवर कोणीही आपला मोबाईल नंबर नोंदवू शकतं. आपला भाग निवडला की तिथे उपग्रहाला आग दिसल्यावर एसएमएस येतो. त्यात अक्षांश-रेखांश आणि वनक्षेत्राचं नाव असतं. गावातल्या किमान तीन जणांनी नोंदणी करा, एकाचा फोन बंद असला तरी दुसऱ्याला कळेल. दुसरी सोय अमेरिकेच्या नासाची, 'फर्म्स' नावाची. तिच्या नकाशावर जंगलातले आणि जंगलाबाहेरचेही तप्त बिंदू दिसतात आणि ईमेलवर सूचना मागवता येते. धुरे जाळताना निघालेली आग जंगलाकडे येते आहे का हे पाहायला ती उपयोगी पडते, कारण वन सर्वेक्षणाचे इशारे वनहद्दीच्या आतल्या आगींसाठी असतात.

या दोन्हींच्या मागे मुख्यतः दोन प्रकारचे संवेदक आहेत. मोडिस जुना, त्याचा एक ठिपका जमिनीवरचा एक किलोमीटरचा चौकोन असतो. व्हीअर्स नवा, त्याचा ठिपका ३७५ मीटरचा. नकाशावर दिसणारा बिंदू त्या चौकोनाचा मध्य आहे, आगीची नेमकी जागा नव्हे. व्हीअर्सच्या बिंदूवर पोहोचून आग दिसली नाही तर माघारी फिरू नका, आधी भोवतीचा दोन-तीनशे मीटरचा परिसर पाहा. मोडिसचा असेल तर त्याहून जास्त.

वेळेचं गणित मात्र पक्कं समजून घ्या. व्हीअर्स असलेले उपग्रह आपल्यावरून साधारण दुपारी दीडच्या आणि रात्री दीडच्या आसपास जातात. मोडिसच्या फेऱ्या धरल्या तरी दिवसभरात थोड्याच वेळा वरून नजर पडते. अडीचला लागलेली आग दुपारच्या फेरीत दिसलेलीच नसते, ती बहुधा रात्रीच कळणार. दिसलेली आगही मेसेजपर्यंत यायला वेळ घेते. नासाचा नकाशा फेरीनंतर तीन तासांच्या आत बिंदू दाखवतो. आग मिनिटाला पाच मीटर सरकली तरी तेवढ्यात नऊशे मीटर पुढे गेलेली असते. ढग असले, झाडी दाट असली किंवा आग लहान असली तर बिंदू येतच नाही. मेसेज आला नाही याचा अर्थ आग नाही, असा कधीच घेऊ नका. इन्सॅट मालिकेचे आपले भूस्थिर उपग्रह दर अर्ध्या तासाला चित्र घेतात, पण त्यांचा ठिपका चार किलोमीटरचा. मोठी आग त्यांना कळते, मोहाखालची नाही.

फर्म्सवर वेळ यूटीसीमध्ये, म्हणजे जागतिक प्रमाणवेळेत, दिसते. त्यात साडेपाच तास मिळवा. ०८:०५ दिसलं तर आपले दुपारचे १:३५. हे न मिळवल्यामुळे दुपारची आग सकाळची समजली जाते आणि "ती तर केव्हाच विझली असेल" म्हणून सोडून दिली जाते.

बिंदूसोबत खात्रीचा दर्जाही येतो. व्हीअर्सचे तीन: कमी, सामान्य, जास्त. दिवसाचा 'कमी' दर्जाचा बिंदू कधीकधी पाण्यावरून चमकणाऱ्या उन्हाचाही असतो. असा बिंदू आला तर गच्चीवरच्या माणसाला विचारा, त्याला धूर दिसतोय का. आपल्या भागात आणखी एक फसगत होते. चंद्रपूर, घुग्गुस, वणी या पट्ट्यात कोळसा खाणी, वीज केंद्रं आणि कारखाने आहेत, ठिकठिकाणी वीटभट्ट्या आहेत. तिथले तप्त बिंदू त्याच जागी वारंवार दिसतात. हंगामाच्या सुरुवातीला आठवडाभर नकाशा पाहून अशा कायमच्या बिंदूंची यादी वहीच्या मागच्या पानावर लिहा, म्हणजे पुढे त्यांच्यामागे धावावं लागणार नाही.

मग उपग्रहाचा उपयोग काय? तीन गोष्टींसाठी तो फार मोलाचा. रात्रीच्या, कोणी न पाहिलेल्या आगी तो सकाळपर्यंत दाखवतो. शेजारच्या वनक्षेत्रातून आग आपल्याकडे येते आहे का हे सांगतो. आणि हंगामभराचे बिंदू साठवले की दरवर्षी कुठे पेटतं ते उघड होतं.

निरोपाची साखळी

खबर देणारा, खबर घेणारा आणि निघणारा, हे तिघे आधीच ठरलेले हवेत. गटावर "कुठेतरी धूर दिसतोय" असा मेसेज टाकून साखळी पूर्ण होत नाही, कारण चाळीस जण वाचतात आणि प्रत्येकाला वाटतं दुसरा गेला असेल. प्रत्येक वाराला एक जबाबदार माणूस नेमा. पहारेकरी त्याला फोन करेल, तो वनरक्षकाला आणि पहिल्या तुकडीला. वनरक्षक लागला नाही तर वनपाल, मग वनपरिक्षेत्र कार्यालय, मग वनविभागाची १९२६ ही हेल्पलाइन. वस्तीला किंवा माणसाला धोका असेल तर ११२. हे नंबर समाजमंदिराच्या भिंतीवर रंगवून घ्या.

निरोपात पाच गोष्टी सांगा, याच क्रमाने. नमुना असा:

"मी अमुक गावाहून बोलतो. बोडीच्या वरच्या अंगाला, कक्ष क्रमांक अमुक, दुपारी १:४० ला धूर दिसला. पाचोळा जळतोय, रेघ साधारण पन्नास मीटरची. वारा पश्चिमेचा, आग पूर्वेला पहाडाकडे चालली. पुढे तेंदू तोडणाऱ्या बाया आहेत. आमची सहा माणसं निघाली, पांदणीने."

जागा, वेळ, आकार, दिशा, आणि वाटेत काय आहे. शेवटची गोष्ट सर्वांत महत्त्वाची आणि नेमकी तीच सांगायची राहते.

भामरागड, एटापल्ली, धारणीकडच्या बऱ्याच गावांत नेटवर्कचा भरवसा नाही. तिथे आवाजाच्या खुणा ठरवा: ग्रामपंचायतीचा भोंगा, शाळेची घंटा, नाहीतर डफ. आगीची खूण दुसऱ्या कशासाठी वापरायची नाही. गावाजवळ नेटवर्क नेमकं कुठे पकडतं ती जागा वहीत असू द्या. वनरक्षकाकडे वायरलेस असेल तर त्याचं घर हीच तुमची पहिली कडी.

साखळी तुटते ती बहुतेक वेळा तंत्रामुळे नव्हे, भीतीमुळे. "मी सांगितलं तर मलाच विचारतील आग कोणी लावली" या धास्तीने लोक गप्प बसतात. ही धास्ती खोटी म्हणता येणार नाही. भारतीय वन अधिनियम १९२७ प्रमाणे राखीव जंगलात आग लावणं गुन्हा आहे, आणि त्याच कायद्याचं कलम ७९ जंगलात हक्क असलेल्यांवर आगीची खबर देण्याची आणि ती विझवायला हात लावण्याची जबाबदारी टाकतं. म्हणून हंगामाआधी ग्रामसभेत वनपालांना बोलवा आणि त्यांच्या समोर ठराव घ्या: खबर देणाऱ्याचं नाव नोंदवण्याचा आग्रह धरला जाणार नाही आणि ज्याच्या हातून धुऱ्याची आग निसटली त्याने लगेच सांगितलं तर गाव आधी विझवायला धावेल, बाकीचं नंतर पाहील. हे बोलणं सर्वांसमोर झालं की फोन येऊ लागतात.

तिथे पोहोचल्यावर

एप्रिल २०२१ मध्ये नागझिऱ्याच्या जंगलात वणवा विझवताना तीन वनमजुरांचा जीव गेला. ते याच कामातले लोक होते. गावातल्या हौशी पोरांना पाठवण्याआधी हे आठवा.

लवकर कळण्याचा खरा फायदा हाच की लहान आगीशी भिडावं लागतं. ज्वाळा कमरेच्या वर असतील, वारा गरगरत असेल किंवा आग बांबूत शिरली असेल, तर गावाने समोरून जायचं नाही. वनविभागाची वाट पाहा आणि तोवर पुढच्या भागातली माणसं आणि गुरं बाहेर काढा. चढावर आग वेगाने चढते. दर दहा अंशांच्या चढाला तिचा वेग साधारण दुप्पट होतो, म्हणून आगीच्या वरच्या बाजूला, उतारावर कधीही उभं राहू नका. काम मागून आणि बगलेने करा. जळून काळी झालेली जमीन ही तुमची सुरक्षित जागा. तिकडे पळायची वाट सर्वांना आधी दाखवा. अंगात सुती कपडे, पायात जोडे, नायलॉनचं काही नको. प्रत्येकाकडे पाणी, एकाने फक्त वारा आणि माणसं मोजायची. उलटी आग लावणं (येणाऱ्या आगीपुढचा पाचोळा मुद्दाम आधीच जाळणं) हे प्रशिक्षित वनकर्मचाऱ्यांचं काम आहे, त्याची हौस नको.

आग मोडली की किनाऱ्याने पूर्ण फेरी मारा. धुमसते ओंडके, बांबूची खुंटं, मोहाच्या ढोल्या शोधा. तळहाताची मागची बाजू राखेजवळ नेऊन ऊब जाणवते का पाहा. त्या जागेवर दुसऱ्या दिवशी दुपारी पुन्हा माणूस पाठवा.

कॅमेरे आणि ड्रोन

२०२४ मध्ये महाराष्ट्राच्या पेंच व्याघ्र प्रकल्पात उंचावर बसवलेला, फिरणारा कॅमेरा आणि धूर ओळखणारी संगणक प्रणाली सुरू झाली. पंधरा किलोमीटरपर्यंतचा धूर काही मिनिटांत टिपण्याची तिची क्षमता सांगितली जाते. व्याघ्र प्रकल्पासाठी हे योग्यच आहे. प्रत्येक गावाने त्यासाठी पैशाची वाट पाहत बसू नये, गच्चीवरचा माणूस तेच काम करतो. आपलं गाव अशा कॅमेऱ्याच्या टप्प्यात असेल तर त्याचा इशारा थेट गावाच्या जबाबदार माणसाला यावा, एवढी मागणी मात्र जरूर करा. ड्रोन वनविभाग आणि पोलिसांच्या परवानगीशिवाय उडवू नका, गडचिरोलीत तर मुळीच नाही.

आग विझल्यावरची वही

प्रत्येक आगीची एक ओळ लिहा: तारीख, जागा, आधी कोणाला दिसली (पहारेकरी, गुराखी की मेसेज), दिसली केव्हा, पहिला माणूस पोहोचला केव्हा, विझली केव्हा, कारण काय वाटतं. दिसणं आणि पोहोचणं यांतलं अंतर हाच तुमच्या यंत्रणेचा निकाल. ते दरवर्षी कमी व्हायला हवं. किती जळलं हे पाहायचं असेल तर युरोपच्या सेंटिनेल-२ उपग्रहाची चित्रं फुकट मिळतात. साधारण पाच दिवसांनी नवं चित्र येतं आणि त्यात जळालेला पट्टा स्पष्ट दिसतो. तालुक्याच्या गावी एखाद्या महाविद्यालयाच्या भूगोल विभागातली मुलं हे काम आनंदाने करून देतील.

१५ जूननंतर, पहिला पाऊस पडल्यावर, ही वही घेऊन ग्रामसभा भरवा. ज्या जागा पुन्हा पुन्हा आल्या असतील त्यांच्यावर बोला. मोहाखाली पेटत असेल तर पुढच्या वर्षी त्या झाडांखाली जाळी पसरायची की पाला झाडून बाजूला करायचा, ते फुलं वेचणाऱ्या बायांनी ठरवावं. तेंदूसाठी पेटत असेल तर आग न लावता झुडपं छाटण्याची अट ग्रामसभेच्या लिलावात घालता येते. गोंडपिपरी तालुक्यातल्या पाचगावने तर सामूहिक वनहक्क मिळाल्यावर जंगलाच्या भल्यासाठी तेंदूपत्त्याची तोडणीच सोडली. धुऱ्यावरून येत असेल तर त्या शेतकऱ्यांची यादी करा आणि पऱ्हाटीचा भुगा करणारं यंत्र गावात कधी आणायचं याची तारीख त्याच बैठकीत लिहून घ्या. पहारेकऱ्यांची मजुरी सामूहिक वनहक्काच्या उत्पन्नातून की समितीच्या खात्यातून द्यायची, हेही तेव्हाच ठरवा, कारण फेब्रुवारीत ठरवायला बसलात तर पहिला महिना विनापहारा जातो.